उसाच्या रानातला सेंद्रिय कर्ब: पाचट, पाणी आणि खताचा हिशोब

ऊस जमिनीचा कस खातो, असं गावोगाव बोललं जातं. त्यात अर्धंच तथ्य आहे. ऊस भरपूर खातो हे खरं, पण एका हंगामात पाचट (उसाची वाळलेली पानं), मुळं आणि बुडख्यांच्या (तोडणीनंतर जमिनीत राहणाऱ्या बुंध्यांच्या) रूपानं तो रानाला जेवढं परत देतो, तेवढं क्वचितच दुसरं पीक देत असेल. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून जमिनीत राहणारा कार्बन, घटतो तो पाचट पेटवल्यामुळे, गरज नसताना केलेल्या नांगरटीमुळे आणि पाटानं सोडलेल्या बेसुमार पाण्यामुळे. या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातातल्या आहेत. खाली जे लिहिलं आहे ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या मध्यम ते भारी काळ्या जमिनीतला ऊस डोळ्यांसमोर ठेवून.

ऊस रानातून काय नेतो

हेक्टरी 100 टनांचं पीक जमिनीतून साधारण 200 किलो नत्र (नायट्रोजन), 50 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 280 किलो पालाश (पोटॅश) उचलतं. सोबत 30 किलोच्या आसपास गंधक, तीन-साडेतीन किलो लोह आणि थोडं मंगल (मँगनीज), जस्त, तांबं. या आकड्यांत सगळ्यात मोठा आकडा पालाशचा आहे, नत्राचा नाही. आपल्याकडे खताचा हात मात्र उलटा चालतो: युरिया सढळ, पोटॅश जमलं तर.

उचललेलं सगळंच कारखान्याला जात नाही. बराच भाग पाचटात आणि वाढ्यात, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यात, असतो. तोडणीच्या वेळी टोळीवाले वाढे बांधून वैरणीला देतात किंवा विकतात, तो पालाश रानाबाहेर गेला. जनावरं आपल्याच गोठ्यात असतील आणि शेणखत त्याच रानात परत येत असेल तर हरकत नाही. वाढे बाहेर जात असतील तर तेवढी भर खतातून घालावी लागते, आणि हा हिशोब बहुतेकांच्या वहीत नसतो.

उरलं पाचट. एकरी तीन ते चार टन पाचट निघतं. त्यात साधारण 0.4 ते 0.5 टक्के नत्र, 0.2 टक्क्यांच्या आत-बाहेर स्फुरद, 0.75 ते 1 टक्का पालाश आणि 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब असतो. साडेतीन टन धरले तर एकरी 15 किलो नत्र, 30 किलो पालाश आणि जवळपास सव्वा टन कर्ब. पालाशाचा भाव धरायचा तर म्युरेट ऑफ पोटॅशची एक पूर्ण गोणी. काडी लावली की कर्ब, नत्र आणि गंधक हवेत जातात. स्फुरद आणि पालाश राखेत राहतात, पण राख वाऱ्यानं उडते आणि पहिल्या पाण्याला सरीच्या टोकाला वाहून जाते. वरच्या थरातले जिवाणू होरपळतात ते वेगळंच.

आधी अपेक्षा नीट ठेवा

ही पायरी वगळू नका, कारण कर्बाच्या नावानं बाजारात बरंच काही विकलं जातं. एका एकरात वरच्या 20 सेंटिमीटर थरात सुमारे एक हजार टन माती असते. म्हणजे सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्यानं वाढवायचा तर एक टन कर्ब जमिनीत टिकून राहिला पाहिजे. घातलेला नव्हे, टिकलेला. पाचटातला बहुतेक कर्ब कुजताना कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो; ढोबळमानानं दहा ते पंधरा टक्के ह्युमस (कुजून टिकणारा भाग) म्हणून मागे राहतो. सव्वा टनातून सव्वाशे ते दोनशे किलो. दुसऱ्या बाजूला, आपल्या उष्ण हवेत जमिनीत आधीच असलेला कर्बही दरवर्षी थोडा थोडा झिजत असतो.

दोन्ही बाजू मांडल्या की चित्र स्पष्ट होतं. पाचट जाळणाऱ्या रानात कर्ब खाली घसरतो. पाचट राखणाऱ्या रानात तो टिकतो आणि हळूहळू वर सरकतो. तो ठळकपणे वाढवायचा असेल तर पाचटासोबत शेणखत आणि हिरवळीचं खत लागतं, आणि त्याला वर्षं लागतात. एखादं द्रावण एका हंगामात कर्ब 0.4 वरून 1 टक्क्यावर नेतं, असं कुणी सांगितलं तर हिशोब करून बघा: त्यासाठी एकरी सहा टन कर्ब टिकावा लागेल, म्हणजे शंभर टनांच्या पुढं पाचट रानात घालावं लागेल. बाटलीतून ते येत नाही.

दक्षिण आफ्रिकेत माउंट एजकोम्ब इथे 1939 पासून उसाच्या एकाच रानात पाचट जाळणं आणि राखणं यांची तुलना चालू आहे. इतक्या वर्षांनंतर तिथे पाचट राखलेल्या वाफ्यांत कर्ब स्पष्टपणे जास्त आहे, पण तो मुख्यतः अगदी वरच्या थरात. आपल्यासाठी त्यातला अर्थ असा: मिळवलेला कर्ब वरच असतो, म्हणून वरचा थर उगाच उलथायचा नाही.

पायरी पहिली: मातीचा नमुना, उसाच्या रानाला साजेल असा

ऊस तुटल्यावर आणि खोडव्याला (बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला) किंवा पुढच्या लागणीला खत देण्याआधी नमुना घ्या. उसात खत सरीत पट्ट्यानं पडतं, त्यामुळे फक्त सरीतली माती घेतली तर अहवाल फुगतो आणि फक्त वरंब्यावरची घेतली तर उतरतो. प्रत्येक ठिकाणी सरी, बगल आणि वरंबा अशा तिन्ही जागची माती घ्या. रानात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वरचं पाचट बाजूला सारा, इंग्रजी व्ही आकाराचा 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढा. बांध, झाडाखालची जागा, शेणखताचा ढीग पडलेली जागा, पाटाचं तोंड टाळा. सगळी माती स्वच्छ घमेल्यात मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरू नका. एवढ्यानंही पालाशाचा आकडा बिघडतो.

रानाचा खालचा, पाणी साचणारा भाग वेगळा नमुना म्हणून द्या. तिथे क्षाराची शंका असेल तर 30 ते 60 सेंटिमीटर खोलीचाही स्वतंत्र नमुना घ्या.

पायरी दुसरी: अहवाल कसा वाचायचा

सेंद्रिय कर्ब 0.40 टक्क्यांच्या खाली असेल तर कमी, 0.41 ते 0.60 मध्यम, त्यापुढे बरा. प्रयोगशाळा बहुधा वॉकली-ब्लॅक पद्धतीनं मोजते, त्यात चुनखडीतला कर्ब येत नाही. चुनखडीच्या जमिनीत दुसऱ्या पद्धतीनं एकूण कर्ब मोजला तर आकडा मोठा दिसतो, पण तो चुन्याचा असतो. अहवालावर कोणती पद्धत आहे ते विचारून घ्या, आणि वर्षावर्षाची तुलना एकाच पद्धतीच्या आकड्यांची करा.

सामू (पीएच) आठच्या पुढे आणि मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर दोन गोष्टी समजून घ्या. दिलेलं स्फुरद चुन्याला जखडतं, आणि लोह मुळांना मिळत नाही. उसाची कोवळी पानं शिरा हिरव्या राहून पिवळी, मग पांढरट होतात. त्यालाच आपण केवडा म्हणतो. असा ऊस बघून युरिया टाकणारे पुष्कळ आहेत. युरियानं केवडा जात नाही. लोह 4.5 पीपीएमच्या खाली, जस्त 0.6 पीपीएमच्या खाली असेल तर ती कमतरता मानतात. हेक्टरी 25 किलो फेरस सल्फेट, 20 किलो झिंक सल्फेट, 10 किलो मँगनीज सल्फेट आणि 5 किलो बोरॅक्स ही शिफारस आहे, पण जमिनीत ज्याची कमतरता निघाली तेवढंच द्या. ही खतं दहापट शेणखतात मिसळून, ओलसर करून आठ-दहा दिवस मुरवून दिली तर चुन्याच्या जमिनीत जास्त लागू पडतात.

अहवालात नत्र कमी आलं तर शिफारशीपेक्षा पाव हिस्सा जास्त, जास्त आलं तर पाव हिस्सा कमी, हा धरून चालायचा नियम. स्फुरद आणि पालाशालाही तोच.

पायरी तिसरी: पाचट

सगळा लेख या एका पायरीसाठी लिहिला तरी चालला असता. ऊस तुटला की पहिल्या सात-आठ दिवसांत काय होतं, यावर पुढच्या वर्षाचा कर्ब ठरतो.

टोळी आत शिरण्याआधीच मुकादमाशी बोलून ठेवा: ऊस जमिनीलगत तोडायचा आणि पाचटाला काडी लावायची नाही. उंच तोडलेल्या बुडख्याला वरच्या डोळ्यांतून फुटवे येतात, ते कमकुवत असतात आणि मुळंही वरच धरतात. टोळी बाहेर पडली की राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीबरोबर छाटून घ्या आणि छाटलेल्या जागी बुरशीनाशक फवारा.

मग पाचट बुडख्यांवरून बाजूला करून सरीत दाबा. चार फुटांच्या पुढच्या सरीत ते सहज बसतं. सरी अरुंद असेल तर एक सरी पाचटाला आणि एक पाण्याला अशी आड सरीनं विभागणी करा. ट्रॅक्टरचं कुट्टी यंत्र मिळत असेल तर उत्तमच, बारीक पाचट मातीला चिकटून बसतं आणि लवकर कुजतं. हार्वेस्टरनं तोडलेल्या रानात कुट्टी आपोआप झालेली असते, पण ओल्या रानात त्या यंत्राची आणि ट्रॉलीची चाकं सरी दाबून टाकतात. पाणी तोडून रान सुकू दिल्याशिवाय हार्वेस्टर आत घेऊ नका.

आता कुजवणं. पाचटात कर्ब फार आणि नत्र अगदी थोडं, साधारण ऐंशी-नव्वदाला एक असं प्रमाण. ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतलं नत्र ओढून घेतात, आणि म्हणूनच पाचट ठेवलेला खोडवा सुरुवातीला पिवळा पडतो. बरेच जण इथंच घाबरतात आणि पुढच्या वर्षी काडी लावतात. उपाय साधा आहे: पाचटावर एकरी 32 किलो युरिया आणि 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका, 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन ओल्या शेणखतात मिसळून पसरा आणि लगेच पाणी द्या. पाचट पाण्यावर तरंगू देऊ नका, ओलं राहू द्या. हा युरिया पिकाचा नाही, पाचटाचा आहे. तो खोडव्याच्या मात्रेतून कापायचा नाही.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सरीतलं पाचट एका जागी उचलून बघा. वरचं पान वाळकं, पिवळंच असतं. त्याखालचं तपकिरी, बोटांत चुरडलं की मोडणारं. सगळ्यात खाली, मातीला टेकलेल्या पानांवर पांढऱ्या बुरशीचं जाळं पसरलेलं दिसतं, वासाला पहिल्या पावसाचा गंध येतो, आणि मातीच्या तोंडावर गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या असतात. तसं दिसलं की काम चालू आहे. खालचं पाचट काळं, चिकट आणि आंबूस वासाचं असेल तर पाणी जास्त होतंय. पाचट कोरडं, जसंच्या तसं असेल तर ओल पोचत नाही. अहवाल येण्याआधी रानच हे सांगतं.

शेतकरी काडी का लावतात, तीही कारणं खरी आहेत. उंदीर होतात: होतात, म्हणून पाचट ढिगानं नको, सरीत दाबून पसरलेलं हवं आणि बांध स्वच्छ हवेत. पाणी पुढं सरकत नाही: आड सरीनं पाणी द्या, ठिबक असेल तर प्रश्नच मिटला. शेजारच्या रानातली आग आपल्याकडे येते: बांधालगतच्या दोन-तीन सऱ्यांतलं पाचट आत ओढून घ्या आणि टोळी हलताच पाणी देऊन टाका. ओलं पाचट पेटत नाही. या शेवटच्या कारणासाठी शिवारातल्या चार जणांनी मिळून ठरवलं तर फार फरक पडतो, कारण एकट्याचं पाचट वाचवणं अवघड आहे.

पाचटाचा एक फायदा पहिल्याच उन्हाळ्यात हाती येतो. रान झाकलेलं असल्यानं ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात आणि सरीत तण उगवत नाही. कर्बाची वाट बघायला धीर लागतो, पाण्याची बचत मात्र मार्च-एप्रिलमध्येच दिसते.

पायरी चौथी: खोडव्याला खत पहारीनं

पाचट सरीत असताना युरिया वरून फेकला तर तो पाचटावरच अडकतो आणि आठ-साडेआठ सामूच्या जमिनीत त्यातलं बरंच नत्र अमोनिया होऊन उडून जातं. म्हणून खत जमिनीत गाडा. वाफसा (मशागतीजोगी ओल) असताना बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, पहारीनं 15 ते 20 सेंटिमीटर खोल छिद्र घ्या, दोन छिद्रांत एक फूट अंतर ठेवा, खत टाकून टाचेनं दाबून बंद करा. निम्मी मात्रा तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत, उरलेली निम्मी साडेचार महिन्यांच्या आत बुडख्याच्या दुसऱ्या बाजूला. मजुरी लागते, पण बांधणी, नांगराची पाळी आणि खुरपणीचा खर्च वाचतो, आणि कर्बाचा थर हलत नाही.

लागणीच्या उसाला ‘सुरू’ हंगामात (जानेवारी-फेब्रुवारीची लागण) एकरी 100 किलो नत्र, 46 स्फुरद, 46 पालाश. पूर्वहंगामीला (ऑक्टोबर-नोव्हेंबर) 136, 68, 68. आडसालीला (जुलै-ऑगस्ट) 160, 68, 68 अशी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस आहे. को 86032 सारख्या खताला प्रतिसाद देणाऱ्या जातीला पाव हिस्सा वाढवतात. नत्र चार हप्त्यांत द्यायचं: लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40. स्फुरद आणि पालाश लागणीला निम्मं, बांधणीला निम्मं. बांधणीनंतर युरिया फेकत राहिलात तर ऊस पाणेरी होतो, लोळतो, पाकोळीसारख्या किडी वाढतात. जमिनीतही जादा नत्र थांबत नाही. ते खाली झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरतं, किंवा पाणी साचलेल्या सरीत नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं.

पायरी पाचवी: लागणीआधीचे दोन महिने

रान नवं करताना कर्ब घालण्याची सगळ्यात मोठी संधी असते. आडसालीआधी उन्हाळ्यात पाण्याची सोय असेल तर ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलोऱ्याला येताच, साधारण 45 ते 50 दिवसांत गाडा. त्यापुढे ताग काडी धरतो आणि कुजायला वेळ लावतो. एकरी 20 ते 25 किलो बियाणं पुरतं. ज्यांच्याकडे दावणीला जनावरं उरलेली नाहीत, त्यांच्यासाठी तर हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

शेणखत एकरी आठ ते दहा टन, पण पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या थेट उसाच्या मुळाशी पोचतात. कारखान्याचं प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) मिळत असेल तर त्यात स्फुरद आणि कर्ब दोन्ही चांगलं असतं. मात्र ताजं, गरम प्रेसमड सरीत घालून त्यावर लागण करू नका, ढीग घालून कुजवून मगच वापरा. बेणं ॲसिटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवून लावा. हे काम खर्चाचं नाही.

सरीच्या बगलेला आडसालीत सोयाबीन किंवा भुईमूग, पूर्वहंगामीत हरभरा घेतला तर काढणीनंतरचा पाला आणि मुळं रानातच राहू द्या. सोयाबीनचं भुसकट बांधावर पेटवणं म्हणजे घरात आलेलं खत बाहेर टाकणं.

पायरी सहावी: पाणी आणि क्षार

पाणी बिघडलं तर वरची एकही पायरी कामाला येत नाही. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठची कितीतरी रानं पाटपाण्यानं क्षारपड आणि पुढे चोपण झाली. पाणी सतत दिल्यानं भूजल वर येतं, ते उन्हानं वर खेचलं जातं आणि क्षार मागे राहतात. रानावर पांढरा थर दिसतो तेव्हा जमीन क्षारपड असते. सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखं होतं आणि पाणी मुरत नाही. अशा चोपण जमिनीत ह्युमससुद्धा विरघळून वर येतो आणि पृष्ठभागावर काळपट डाग दिसतात. काळा रंग बघून जमीन कसदार आहे असं समजू नका, तो कर्ब निसटत असल्याची खूण आहे.

सामू 8.5 च्या वर गेला असेल तर प्रयोगशाळेकडून जिप्समची गरज काढून घ्या. पण निचऱ्याशिवाय जिप्सम टाकून उपयोग नाही, सुटलेला सोडियम वाहून जायला वाट हवी. आधी रानाच्या कडेनं उघडी चर, आणि सगळ्या शिवाराचं पाणी साचत असेल तर सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा. तो एकट्यानं होत नाही, गटानं करावा लागतो. ठिबकवर गेलात तर पाणी आणि नत्र दोन्ही मुळाशी राहतात. ते शक्य नसेल तर आड सरीनं पाणी द्या आणि जमीन भेगाळण्याच्या आत, पण वाफसा आल्यावरच पुढची पाळी सोडा.

पायरी सातवी: खोडवा किती, फेरपालट कधी

पाचट राखून, पहारीनं खत देऊन घेतलेला खोडवा हा कर्बासाठी लागणीपेक्षा चांगला, कारण वर्षभर रान नांगराविना राहतं. म्हणून चांगला खोडवा आणि जमला तर निडवा (दुसरा खोडवा) घ्या. फुटवे विरळ झाले, नांग्या (रिकाम्या जागा) दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे गेल्या, की मोडा. मोडलेल्या रानात लगेच ऊस नको. खरिपात सोयाबीन किंवा ताग, रब्बीत हरभरा, मग पुढची लागण. एवढ्या एका मोकळीकीनं रोग-किडींची साखळी तुटते आणि द्विदलांचं नत्र जमिनीत येतं.

नांगरट एकदाच, वाफशावर. सरीखाली चाकांनी दाबलेला कडक थर असेल तर सबसॉयलर चालवा, पण रान उलथू नका.

दर दोन वर्षांनी नमुना पुन्हा द्या: त्याच महिन्यात, त्याच ठिकाणी, तेवढ्याच खोलीचा, त्याच प्रयोगशाळेत. जमलं तर वरच्या 10 सेंटिमीटरचा एक वेगळा नमुना जोडा, फरक आधी तिथेच दिसतो. अहवालाच्या मागच्या बाजूला त्या वर्षी पाचट राखलं की गेलं, शेणखत किती टन, ताग गाडला का, किती गोणी युरिया आणि किती पोटॅश, एकरी टन किती पडले, एवढं लिहून एकाच फाइलला लावा. दोन अहवालांमधला 0.05 टक्क्याचा फरक नमुन्याच्या चुकीनंही येऊ शकतो, त्यावरून खताची मात्रा बदलू नका. तिसरा अहवालही त्याच दिशेनं गेला तर तो बदल खरा धरा.